पाककृतींमधली धादांत खोटी वाक्यं

फोडणीवाला
पुण्यात एकटा राहतो, रोज दोन्ही वेळचं स्वतः करून खातो. तेव्हा पाककृती वाचून वैतागण्याचा पुरेसा अधिकार मला आलाय असं समजून हा धागा काढतोय.

माझं मत असं की मराठीत सगळ्यात धडधडीत खोटं लेखन पाककृतींत सापडतं. प्रेमकविता दुसऱ्या नंबरावर.

"कांदा दोन मिनिटं परतून गुलाबी करून घ्या." दोन मिनिटांत कांद्याला फक्त एवढंच कळतं की आपण कढईत आहोत. "मावेल तेवढं पीठ घाला." कशात मावेल तेवढं? माझ्या परातीत दीड किलो मावतं. "चवीपुरतं मीठ." कोणाच्या चवीपुरतं? "नारळ खवून घ्या." तीन शब्द! यात नारळ सोलणं, फोडणं, अर्धं पाणी ओट्यावर सांडणं, विळी नाही हे आठवणं आणि करवंटीशी सुरीने झटापट करणं, सगळं आलं. "पूर्वतयारी: १० मिनिटे." यात गवार निवडणं धरलेलं नसतं. लसूण तर सगळ्यांच्या घरी सोललेलाच उगवतो.

आणि माझं सर्वात लाडकं: "अचानक पाहुणे आले तर झटपट होणारा पदार्थ". कृतीची पहिली ओळ: "डाळ रात्रभर भिजत घाला."

तुम्हाला फसवलेली वाक्यं टाका. दोष कोणाचा ते नंतर ठरवू.

चिंगी
रात्रभर भिजत घाला, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! म्हणजे पाहुण्यांना आदल्या दिवशी विचारायचं, उद्या अचानक येणार आहात का?

माझ्याकडून एक. "उरलेल्या पुरणाचं काय करावं?" पुरण उरतं कोणाकडे?

तिरकस
"घरात सहज उपलब्ध असणाऱ्या साहित्यातून" असं लिहायचं आणि खाली दगडफूल, नागकेशर, जायपत्री. आमच्या घरात सहज उपलब्ध असणारं साहित्य म्हणजे फ्रिजच्या दारात साठलेल्या सॉसच्या पुड्या आणि कुणाच्या तरी लग्नातला सुका मेवा.

मोजूनमापून
मीठ आणि कांदा राहू द्या, आधी शिट्टीचं बोला. "कुकरला तीन शिट्ट्या करा" ही सूचनाच मुळात चुकीची आहे.

कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त झाला की वरचं वजन उचललं जातं आणि वाफ सुटते. त्या दाबाला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. डाळ शिजते ती या तापमानात किती मिनिटं राहिली त्यावर. शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर गेल्याचा आवाज. एकदा दाब भरला की मोठ्या आचेवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतील, अगदी बारीक आचेवर त्याच पाच मिनिटांत एकही होणार नाही, आणि डाळ दोन्हीकडे जवळपास तेवढीच शिजेल. त्यात कुकर तीन लिटरचा की पाच लिटरचा, अर्धा भरलाय की गच्च, यावर आणखी फरक.

पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. तुरीच्या भिजवलेल्या डाळीला सात-आठ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. हे एका ओळीत लिहिता येतं, पण कुणी लिहीत नाही.

भेंडी_गवार
@मोजूनमापून, शास्त्र ठीक आहे हो, पण शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्यात धरली जाते त्याचं काय करायचं? आमच्या इमारतीत चार स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. साडेसात वाजता चारही कुकर चढलेले. "ही आपली की त्यांची?" यावर घरात रोज वाद. नवरा म्हणतो दोन झाल्या, सासूबाई म्हणतात चार, मी म्हणते तीन. शेवटी सरासरी काढून गॅस बंद करते.

चिंगी
भेंडीताई _/\_
आमच्याकडे कुकर चढवणारी व्यक्ती घरातल्या प्रत्येकाला "तीन झाल्या की बंद करा" सांगून आंघोळीला जाते. मग सगळे मोजतात आणि कोणीच बंद करत नाही.

वत्सलाकाकू
अरे बाळांनो, किती तो त्रागा! अंदाज लिहून देता येत नाही, तो हाताला लागतो. माझ्या सासूबाई मीठ शिकवताना म्हणाल्या, "आमटीला दोन चिमटी." त्यांचा हात केवढा, माझा केवढा. महिनाभर घरातली सगळी मुकाट्याने अळणी आमटी जेवली, मग हळूहळू हात बसला.

कांद्याला घड्याळ कशाला लावता? नाक कशाला दिलंय? कच्च्या कांद्याचा उग्र वास आधी येतो, मग तो जातो, मग गोडसर वास सुटतो. तो सुटला की तिखट-हळद घाला. आणि "तेल सुटेपर्यंत परता" हे वाक्य खोटं आहे असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगते, तेल सुटायला आधी ते घालावं लागतं. तुम्ही मंडळी चमचाभर तेलात चार माणसांची भाजी करता आणि ते सुटायची वाट बघता.

फोडणीवाला
काकू, साष्टांग दंडवत. "मसाला कढई सोडेपर्यंत" हेही आलंच त्यात. माझ्याकडे नॉनस्टिक कढई आहे, मसाल्याने तिला मुळात कधी धरलेलंच नसतं.

पण नाकाचं म्हणाल तर माझ्यासारख्याला कच्चा, गोडसर आणि करपट हे तीनच वास कळतात, आणि त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्यात अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं.

निफाडकर
कांद्यावर बोलणं चाललंय म्हणून खातं उघडून पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही कांदा पिकवतो.

तुम्ही कोणत्या महिन्यात कोणता कांदा परतताय हे पाककृतीवाला विचारतच नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, शेतात सुकवून चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात) भरतो, तो दिवाळीपर्यंत चालतो. चाळीत राहून त्याचं पाणी कमी होत जातं, साली कोरड्या होतात. तो कढईत लवकर रंग धरतो. दिवाळीच्या आगेमागे जो नवा लाल कांदा येतो तो टिकत नाही, कारण त्यात पाणी भरपूर. तो आधी स्वतःच्याच पाण्यात शिजत बसणार. त्यामुळे ऑगस्टमध्ये बरोबर आलेली ग्रेव्ही डिसेंबरात पांचट झाली तर स्वतःला बोल लावू नका.

बाकी कांदा दोन मिनिटांत गुलाबी होत नाही. भाव ऐकून गिऱ्हाईक मात्र दोन मिनिटांत पांढरं होतं. आणि भाव पडल्यावर आम्ही.

मोजूनमापून
@निफाडकर, फार उपयोगी प्रतिसाद. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. ते उडेपर्यंत कढईतल्या कांद्याचं तापमान शंभरच्या वर फारसं जात नाही आणि रंग येण्याची क्रिया वेगाने व्हायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. म्हणून सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं आणि शेवटी सगळं एकदम होतं. दोन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर खरा गुलाबी रंग यायला आठ-दहा मिनिटं, बिर्याणीचा तपकिरी कांदा हवा असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. चिमूटभर मीठ आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं. व्हिडिओत दोन मिनिटं दिसतात कारण मधली आठ कापलेली असतात.

तिरकस
म्हणजे वत्सलाकाकूंचा "आधी उग्र वास, मग तो जातो, मग गोडसर" हा सिद्धान्त बरोबर निघाला, फक्त अंश सेल्सिअसमध्ये.

वत्सलाकाकू
मी कधी चूक निघाले सांग.

अदपाव
जुन्या वह्यांचं एक सांगतो. आमच्याकडे आजीची पाककृतींची वही आहे, शाईने लिहिलेली, पानांवर तुपाचे डाग. बेसन लाडू: "बेसन पावशेर, तूप अदपाव, साखर पावशेर." माझ्या बहिणीने पावशेर म्हणजे पाव किलो धरून प्रमाण लावलं. आता शेर म्हणजे ८० तोळे, तोळा साधारण ११.६६ ग्रॅम. म्हणजे शेर भरतो ९३३ ग्रॅम, पावशेर २३३ आणि अदपाव त्याच्या निम्मं. सगळंच त्या हिशोबात घेतलं असतं तर बिघडलं नसतं, पण तिने बेसन पाव किलो घेतलं आणि तूप "अदपाव म्हणजे शंभर ग्रॅम असेल" म्हणून शंभर. लाडू वळेनात. घरातल्या सगळ्यांनी तिला सांगितलं की आजीच्या हाताची चव वेगळीच होती. हाताची कसली, तुपाची!

देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले, पण बाजारात आजही पाव किलोला सर्रास पावशेर म्हणतात, त्यामुळे गोंधळ कायम. त्याच वहीत पुढे आहे: "कोथिंबीर एक आण्याची". एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. भाजीवाल्याकडे मागून बघा आणि काय मिळतं ते इथे कळवा.

चिंगी
शब्द मिळतील. कोथिंबीर नाही.

भेंडी_गवार
अदपाव, तुमचं टोपणनाव आज कळलं. इतके दिवस मला वाटायचं बेकरीशी संबंध आहे.

डेन्वरी_मिसळ
आमची व्यथा वेगळी. डेन्व्हरला राहतो. या गावाची उंची १६०९ मीटर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे मी रोज जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर भात लावतो. इथे पाणी ९५ अंशांना उकळतं. त्यामुळे "पाण्याला उकळी आली की बटाटे घालून पंधरा मिनिटं" हे वाक्य आमच्यापुरतं बाद. पंधरा मिनिटांनंतर बटाटा बाहेरून शिजल्याचा आव आणतो, सुरी खुपसली की मध्ये दगड. उघड्या पातेल्यातल्या राजम्याबद्दल तर बोलायलाच नको. आईला फोन केला की म्हणते, "जरा अजून उकळ." उकळतंय ग आई, पण आमच्या उकळीला तुमच्या उकळीची सर नाही.

दुसरं वाक्य: "फोडणीत सुक्या मिरच्या घाला." घातल्या. लगेच छतावरचा धुराचा भोंगा सुरू. आता मुलगा टॉवेल घेऊन त्या भोंग्याखाली उभा राहतो, मी मोहरी टाकली की तो वारा घालायला लागतो. घरकामात त्याची नेमणूक तेवढीच आहे आणि ती तो मन लावून करतो.

वऱ्हाडी_ठेचा
उंचीचं सोडा भाऊ, आमच्याकडं तर जमीन सपाट हाय तरी डाळ शिजत नाही. बोअरचं पाणी. तुरीची डाळ टाका, शिट्ट्या करा, उघडा, ती तशीच टक लावून पाहते. अकोल्याच्या पुढं खारपाणपट्ट्यात तर पाणीच खारट. तिथं पाककृतीवाल्यानं "चवीपुरतं मीठ" लिहिलं तर लोक इचारतात, आणखी?

माझी माय डाळीत चिमूटभर सोडा टाकते. पुण्यातल्या वहिनीनं ऐकलं तर म्हणे, "अय्या, जीवनसत्त्वं जातात ना!" म्हटलं वहिनी, आधी डाळ शिजू द्या, मग जीवनसत्त्वं शोधू.

मोजूनमापून
ठेचाभाऊ, वहिनीही बरोबर आणि आईही. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या-पेशींतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती मऊ पडत नाही. सोड्याने ते सैल होतं, पण काही जीवनसत्त्वांचं नुकसान होतं. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजायच्या आधी घातलं तरी हाच ताप. "सगळं एकदम कुकरला लावा" छापाच्या पाककृतीत टोमॅटो आधी असतो आणि मग खाली वीस लोक विचारतात, डाळ कच्ची का लागते?

कोकमसरबत
नमस्कार, फोंड्याहून. आमच्या पदार्थांच्या मुंबईकरांनी लिहिलेल्या कृती वाचून जीव वर-खाली होतो. सोलकढीत "मंद आचेवर एक उकळी काढा". नारळाचा रस उकळलात की तो फाटतो. पाणी एकीकडे, चोथ्यासारखं खोबरं एकीकडे. सोलकढी गॅसवर ठेवायचीच नसते. आणि "एका नारळाचा रस" म्हणजे किती? एक नारळ मुठीएवढा असतो, एक डोक्याएवढा.

सगळ्यात मोठी लबाडी बांगड्याच्या हुमणात. "तेफळं (तिरफळं) ठेचून घाला" असं लिहितात. ती चावून खायची नाहीत, बाजूला काढायची, हे कोणी लिहीत नाही. एकदा मुंबईचे पाहुणे जेवायला होते. त्यातल्या एकाने तेफळ मटकावलं. पुढची दहा मिनिटं तो "माजी जीब कुटे हाय" असं काहीतरी म्हणत होता. आमचे बाबा शांतपणे म्हणाले, येईल परत.

तिरकस
येईल परत =)) =)) ऑफिसात मोठ्याने हसलो.

चिंगी
बरं, मी आता बाँब टाकते. साबुदाण्याची खिचडी. "साबुदाणा बुडेल इतक्या पाण्यात रात्रभर भिजवा." मी बुडेल इतकं पाणी घातलं की गोळा होतो. थोडं कमी घातलं की सकाळी दाताखाली कचकच. काय ते एकदा नीट सांगा.

फोडणीवाला
अरे देवा. चिंगी, धाग्याचं काश्मीर होणार आता.

भेंडी_गवार
धुवून सगळं पाणी काढून टाकायचं, वर बोटभर पाणी ठेवायचं. संपलं.

अदपाव
बोटभर म्हणजे बोटाच्या उंचीएवढं की जाडीएवढं?

भेंडी_गवार
जाडीएवढं! उंचीएवढं ठेवलंत तर खीर होईल.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं पाणी पूर्ण काढून टाकतात, नुस्ता ओला साबुदाणा झाकून ठेवतात. मोकळा होतो.

वत्सलाकाकू
दर वेळी साबुदाणा वेगळा असतो रे. नव्याला कमी पाणी, जुन्याला जास्त. सकाळी दाणा बोटांनी दाबायचा, सहज चेपला गेला तर झाला. मध्ये कण लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवायचा. ही एवढी साधी गोष्ट आहे.

मोजूनमापून
इथे मी काकूंच्या बाजूने. साबुदाणा म्हणजे टॅपिओका नावाच्या कंदाचा स्टार्च, बहुतेक सगळा तमिळनाडूत सेलमच्या भागातून येतो. स्टार्चचे गोळे वळून ते भाजतात किंवा वाफवतात आणि वाळवतात. कुठल्या कारखान्यात किती भाजला, किती वाळवला यावर तो पाणी किती पिणार ते ठरतं. त्यामुळे पाण्याचं एकच प्रमाण लिहिणं अशक्य. वाफवलेला पारदर्शक नायलॉन साबुदाणा खिचडीला घेतलात तर कोणीच वाचवू शकत नाही, तो चिवड्याला तळायला. आणि शेंगदाण्याचं कूट भिजलेल्या साबुदाण्याला आधी चोळून घ्यायचं, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

तिरकस
लक्षात घ्या मंडळी, "मोजूनमापून" यांनी आज "प्रमाण लिहिणं अशक्य" असं लिहिलंय. वाखू (वाचनखूण) साठवली.

चिंगी
धन्यवाद सगळ्यांना. आठ मतं मिळाली, म्हणजे प्रश्न सोडवण्यापेक्षा उपास सोडणं सोपं.

डेन्वरी_मिसळ
पाकाचं कोणीच बोललं नाही. "एकतारी पाक झाला का हे पाहण्यासाठी थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ताणून बघा." उकळत्या पाण्याहून जास्त गरम असलेला चिकट द्रव बोटांत धरा असं सांगणारी जगात दुसरी कुठली लेखी सूचना आहे? कारखान्यात अशी पाटी लावली तर मालकाला आत टाकतील. मी थर्मामीटर घेतला. गोळीबंद पाकाला समुद्रसपाटीला ११२ ते ११६ अंश, आमच्या उंचीवर त्याहून पाचेक अंश कमी, काटा तिथे आला की गॅस बंद. सासूबाई भारतातून आल्या होत्या, म्हणाल्या, "पाकाला ताप आलाय का?"

वत्सलाकाकू
थेंब आधी थंड बशीत घ्यायचा असतो हो जावईबापू. सासूबाईंनी सांगितलं नाही?

डेन्वरी_मिसळ
सांगितलं. कृतीत नव्हतं.

अदपाव
दिवाळीच्या तोंडावर अनारशांचा उल्लेख नसेल तर धागा अपूर्ण. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सुकवा, कुटा, गूळ मिसळा, पीठ मुरवा, खसखशीवर थापा, तळा. आणि आठवडाभराच्या या सेवेनंतर अनारसा तुपात पडल्या पडल्या हसतो, जाळी पसरत पसरत कढईभर होतो.

तिरकस
करणाऱ्याच्या तोंडावर हसणारा एकमेव पदार्थ. चकली निदान गप्प बसून विरघळते.

भेंडी_गवार
चकली विरघळली तर मोहन जास्त, वातड-कडक झाली तर मोहन कमी, मऊ पडली तर मोठ्या आचेवर घाईने काढली. हे तीन उपाय एका ओळीत झाले. मग कृतीत "खुसखुशीत चकल्या तयार!" एवढंच का असतं? बिघडलं तर कसं दिसतं ते सांगायला काय जातं? माझी खरी तक्रार ही आहे.

आता वर्मावर बोट. फोडणीवाला, तुमचा धागा मस्त आहे, हसले. पण या सगळ्या खोट्या वाक्यांवर आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या निमूट स्वयंपाक करत आल्या. त्यांची आमटी बिघडली तर "लक्ष कुठे होतं?" तुमची बिघडली तर विनोदी धागा. आमच्या घरातल्या पुरुषाने वर्षातून एकदा पनीर केलं की आधी फोटो, मग स्टेटस, मग इमारतीच्या ग्रुपवर, आणि सिंकमध्ये सात पातेली. त्या कृतीतही "भांडी घासा" अशी पायरी नव्हती, असं त्याचं म्हणणं. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

फोडणीवाला
दिवे घेतले. भांडी माझी मीच घासतो, कारण दुसरं कोणी नाही. पण मुद्दा शंभर टक्के मान्य. तुमचं "बिघडलं तर कसं दिसतं" हेच मला नेमकं शब्दांत मांडता येत नव्हतं.

अदपाव
दोष कोणाचा हे नंतर ठरवू म्हणाला होतात, तर माझं मत देतो. आजीची वही खोटी नव्हती. तिने ती स्वतःसाठी लिहिली होती. कांदा कसा परतायचा हे तिला ठाऊक होतं, तिला फक्त प्रमाणाची आठवण हवी होती. म्हणून पाच ओळींत अख्खी पुरणपोळी आटपलीय. जुनी पाककृतींची पुस्तकंही चुलीपुढे वाढलेल्या वाचकासाठी होती. आताचा वाचक चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा कढई विकत घेतो. वाक्यं मात्र तीच राहिली, शिवाय ती लिहिणाऱ्याला लाइक हवेत, म्हणून दहा मिनिटांची दोन झाली. खोटं तिथे शिरलं.

वत्सलाकाकू
हे पटलं बरं का. माझ्या मुलाला बंगळुरूला असताना मी फोनवर पिठल्याची कृती सांगितली होती. "बेसन पाण्यात कालव आणि फोडणीत ओत." गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी थोड्या पाण्यात कालवायचं आणि ओतताना दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, हे सांगायचं असतं हेच मला सुचलं नाही. ते काय सांगायचं? असं वाटलं.

चिंगी
मग आपणच इथे एक खरी पाककृती लिहूया की. कांदेपोहे. मोजूनमापून, होऊन जाऊ द्या.

मोजूनमापून
स्वीकारलं.

कांदेपोहे, दोन माणसांना. जाडे पोहे १५० ग्रॅम. पातळ पोहे घेतलेत तर इथेच थांबा आणि चिवडा करा. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली अर्धा मिनिट धुवा, निथळत ठेवा, भांड्यात भिजत ठेवू नका. दहा मिनिटांनी दाणा बोटांत दाबला की मोडला पाहिजे, पण हाताला लगदा लागता कामा नये. कोरडा वाटला तर पाण्याचा हबका. दोन मध्यम कांदे, चिरायला पाच मिनिटं, डोळे पुसायला दोन. तेल ३० मिलिलिटर, कमी वाटत असेल तर डोळे मिटून घाला. तेल तापलं का ते एक मोहरी टाकून बघा. लगेच तडतडली तर बाकीची टाका, नुसती तरंगली तर थांबा, काळी पडली तर गॅस बंद करून कढई मिनिटभर बाजूला. मग जिरं, हिंग, कढीपत्ता (मागे सरका, उडतो), मिरच्या, शेंगदाणे. कांदा सहा-सात मिनिटं, इथे तो पारदर्शक पुरे, गुलाबी नको. हळद पाव चमचा. पोहे, साखर एक चमचा. हलक्या हाताने उलथून झाकण ठेवून बारीक आचेवर चार मिनिटं. वाफ आली पाहिजे, तळाला चिकटायला लागले तर आच मोठी होती. वरून कोथिंबीर, खोबरं, लिंबू.

एकूण वेळ: पस्तीस मिनिटं. ओटा पुसायला आणखी पाच.

वत्सलाकाकू
छान लिहिलंयस. मीठ कुठंय?

मोजूनमापून
...चवीपुरतं.

तिरकस
=)) =)) =)) संपादकांना विनंती, हा प्रतिसाद मुखपृष्ठावर लावा.

वऱ्हाडी_ठेचा
मिठाचं जाऊ द्या बाप्पा, पोह्यात साखर काहून? आणि तर्री कुठं हाय? नागपुरात पोह्यावर झणझणीत चण्याची तर्री ओतल्याशिवाय प्लेट पुढं सरकत नाही. हे तुमचं पिवळं, गोडमिट्ट, लिंबू मारलेलं काय ते लेकरांसाठी ठीक.

भेंडी_गवार
गोडमिट्ट? एक चमचा साखर! ती चवीला नसते, तिखट खुलवायला असते.

वऱ्हाडी_ठेचा
तिखट हाय कुठं खुलायला?

कोकमसरबत
ओलं खोबरं मात्र भरपूर घाला. यावर वाद नको.

निफाडकर
कांदा पण. दोन काय, चार घाला. आमचंही घर चालू द्या.

पोहेप्रेमी_नवा
नमस्कार, मी इथे नवीन आहे. धागा वाचत वाचत पोहे करायला घेतले. मोजूनमापून यांचा प्रतिसाद दिसायच्या आधीच पोहे भांडंभर पाण्यात घालून ठेवले होते आणि मग साबुदाण्याची चर्चा वाचत बसलो. अर्धा तास झाला. आता त्यांचा लगदा झालाय. कृपया लवकर सांगा, काय करू?

चिंगी
वाचत बसलो =))

वत्सलाकाकू
फेकू नकोस रे बाळा. पाणी घट्ट पिळून काढ. त्यात मावेल तेवढं...

फोडणीवाला
काकू!!

वत्सलाकाकू
बरं बरं. एक वाटी लगद्याला अर्धी वाटी ज्वारीचं पीठ आणि दोन चमचे बेसन घे. बारीक चिरलेला कांदा, तिखट, ओवा, मीठ पाव चमचा. गोळा हाताला फार चिकटला तर आणखी थोडं पीठ. तव्यावर तेल सोडून थालीपीठ थाप, मध्ये भोकं पाड, झाकण ठेव, खालची बाजू लालसर झाली की उलट. उलटताना मोडलं तर तवा तापलेला नव्हता.

पोहेप्रेमी_नवा
पहिलं मोडलं. दुसरं जमलं. काकू, खूप आभार. घरी विचारतायत, हे पोहे आहेत का?

तिरकस
सांगा, दडपे पोहे. आणि लगेच दार लावून घ्या, कोकणातली मंडळी निघाली असतील.